मास्तरांची फुली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत माणूस नोकरीला लागायचा तो मास्तरांच्या हातूनच. मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या मोटारी उघडल्या होत्या, दोर बदलले होते, मधेच अडकलेली माणसं बाहेर काढली होती. हाताखालच्या मेकॅनिकांना काही समजावताना हवेत बोटानं आकृती काढायची त्यांना सवय होती, म्हणून कुणीतरी कधीतरी मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्यांची बायकोसुद्धा फोनवर 'मास्तर घरी नाहीत' असंच सांगायची.

नवी माणसं घ्यायची वेळ आली की अर्जांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर यायचा. मास्तर चष्मा पुसायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि एकेक अर्ज वाचायला घ्यायचे. उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण, नाहीतर फुली. खूणवाल्यांना बोलावणं जायचं. त्यांना चहा पाजायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, हातात पाना द्यायचा आणि तो कसा धरतात ते बघायचं. "माणसाचं पाणी जोखायला मला अर्धा कप चहा पुरतो," असं ते म्हणायचे, आणि त्यांची माणसं बहुतेक चांगली निघत असल्यामुळे कुणी त्यांना खोडून काढायला जात नसे.

दोन वर्षांपूर्वी मालकांचे गुडघे गेले आणि कारभार मुलीकडे आला. मास्तरांनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर वर्कशॉपमध्ये यायची आणि जुन्या बेअरिंगमधल्या गोळ्या खिशात भरून न्यायची. आता ती चाळिशीला आली होती. चारचौघांत मास्तर तिला 'मॅडम, तुम्ही' म्हणायचे आणि केबिनचं दार लागलं की 'अगं' वर यायचे. ती मात्र दार उघडं असो की बंद, त्यांना काकाच म्हणायची.

त्या वर्षी चार शिकाऊ मेकॅनिक घ्यायचे होते. वर्षभर शिकवायचं आणि मग कामाला लावायचं, अशी पद्धत. जाहिरात गेली आणि दोनशे बारा अर्ज आले.

"काका, या वेळी तुम्हाला दोन आठवडे डोळे फोडायला नकोत," ती म्हणाली. "अर्ज चाळायचा एक प्रोग्राम घेतलाय. प्रत्येकाला शंभरपैकी मार्क देतो. काल रात्रीतून काम झालंसुद्धा."

मास्तरांनी दार लागलंय ना ते पाहिलं. "अगं, त्यानं कुणाला चहा पाजला का?"

"तुम्ही पाजलेला चहा सगळ्यांना सारखाच लागू पडतो असं थोडंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पण तुमच्या डोक्यात काय चालतं ते कुणालाच माहीत नाही. उद्या तुम्ही रिटायर झालात की मी काय करू? तुमचं डोकं कपाटात ठेवून घेऊ?"

मास्तर जरा घुश्शातच बाहेर पडले. दुपारी मात्र तीच त्यांच्या टेबलापाशी आली, खुर्ची ओढून बसली. तिनं मांडलेली योजना अशी होती: प्रोग्रामनं दहा जण निवडायचे. मास्तरांनी त्याचे मार्क न बघता आपले दहा निवडायचे. सगळ्यांना बोलवायचं, एकच काम करायला द्यायचं आणि काय निघतं ते बघायचं.

"आणि काम कुणी तपासायचं?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच. दुसरं कोण? पण माणूस बघायचा नाही. माणूस काम करून निघून गेला की मग तुम्ही जायचं, नुसतं काम बघायचं आणि नंबरासमोर मार्क लिहायचे."

मास्तरांना हे आवडलं. माणूस लपवता येईल, पण हात कुठे लपतोय, असं त्यांना वाटलं. आपले दहा कोणते आणि त्या यंत्राचे कोणते, हे स्क्रू बघून सांगू, अशी त्यांची मनातल्या मनात खात्री होती.

पुढचे नऊ दिवस ते गठ्ठा घेऊन बसले. खूण, फुली, फुली, फुली, खूण. दोन्ही याद्या समोर ठेवल्या तेव्हा तीन नावं दोन्हींत निघाली. म्हणजे सतरा माणसं झाली. "वीस करू," असं म्हणून मॅडमनी दोघांनीही नाकारलेले एकशे पंच्याण्णव अर्ज एका खोक्यात टाकले, डोळे मिटून तीन उचलले आणि ते कुणाचे आहेत हे मास्तरांना न दाखवता पाकिटात घातले.

"ही काय लॉटरी आहे का?" मास्तर म्हणाले.

"आपण दोघं कुठे चुकतो ते कळायला नको? तुम्ही आणि प्रोग्राम."

वर्कशॉपच्या मागच्या अंगणात शिकवण्यासाठी तीन मजल्यांचा एक मनोरा उभा केलेला होता. त्यात खरीखुरी लिफ्ट. तळमजल्याच्या दाराचं कुलूप मास्तरांनी मुद्दाम बिघडवून ठेवलं, म्हणजे लिफ्ट तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये अडकून बसायची. दुसऱ्या एका मेकॅनिकनं उमेदवारांना अर्धा तास आकृती दाखवून सगळं समजावायचं. मग त्यांनी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं, कुलूप शोधायचं, नीट करायचं आणि लिफ्ट खाली आणायची. उतरण्याआधी एक लाल बटन दाबायचं. ते दाबलं की काही झालं तरी लिफ्ट हलत नाही. न दाबता उतरणं म्हणजे डोक्यावर टांगतं वजन घेऊन काम करणं. परीक्षेत उमेदवार खड्ड्याबाहेर येईपर्यंत लिफ्ट वरून साखळीनं बांधलेली असायची, तिथे कुणाच्या जिवाला धोका नव्हता, पण हे उमेदवारांना सांगितलेलं नव्हतं. बटन कधी दाबलं त्याची नोंद लिफ्टचं यंत्र आपोआप करायचं.

आणि आत अडकलेलं माणूस हवं होतं. ते काम वहिनींनी घेतलं.

वहिनी म्हणजे ऑफिसात तक्रारींचा फोन घेणारी बाई. सतरा वर्षं त्या फोनवर होत्या. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काय काय बोलतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी शिव्या देतं, कुणी रडतं, कुणी घरी गॅस चालू राहिलाय म्हणतं. त्या सगळ्यांना वहिनी एकाच सुरात सांगायच्या, "घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस निघालाय." आता त्यांना स्वतःला तीन दिवसांत वीस वेळा अडकायचं होतं. त्यांनी विणकाम आणि पाण्याची बाटली बरोबर घेतली. सगळ्यांना सारखाच पेपर हवा म्हणून मॅडमनी त्यांना चार वाक्यं लिहून दिली होती. ती वाचायची, आणि आपल्याशी बोलून धीर आला की नाही त्याचे मार्क द्यायचे.

"धीराचे मार्क तो प्रोग्राम देत नाही वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

"भाषा किती स्पष्ट आहे त्याचे देतो म्हणे," वहिनी म्हणाल्या. "आमच्या शेजारणीची भाषा भलती स्पष्ट आहे, पण तिच्याशी बोलून मला आजवर धीर आलेला नाही."

तीन दिवस मास्तर स्टोअररूममध्ये दार लावून बसले. उमेदवार गेला की त्यांना हाक यायची. मग ते टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरायचे. स्क्रू किती आवळलाय, कुलपाच्या दोन पट्ट्यांमध्ये फट किती राहिलीय, वायर पिळलीय का, पुसायचं फडकं तसंच खाली टाकलंय का, हे सगळं बघायचे आणि नंबरासमोर दहापैकी मार्क लिहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टमधला दिवा गेलेला दिसला, तोही त्यांनीच बदलला.

गंमत अशी झाली की ज्या कामावर जीव जडावा अशी दोनच निघाली. एक अकरा नंबरचं. काम इतकं सफाईचं आणि झटपट की मास्तर खड्ड्यातच दोन मिनिटं उभे राहिले. दुसरं सतरा नंबरचं. ते काही झटपट नव्हतं, सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागला होता. पण त्या माणसानं कुलूप दुरुस्त करून, बिजागरीतली कुणाच्याच लक्षात न येणारी धूळ काढून, थेंबभरच तेल सोडलं होतं. एक थेंब, जास्त नाही. त्याचा ओघळही टिपून घेतला होता. मास्तर बोटानं चाचपत म्हणाले, "हा माझाच असणार. हा हात माझ्या नजरेतून सुटायचा नाही."

चौथ्या दिवशी केबिनमध्ये सगळ्यांच्या अर्जांची, वर नंबर घातलेली पाकिटं उघडली.

आधी हसायच्या गोष्टी झाल्या. प्रोग्रामच्या दहांपैकी दोघांना पाना कोणत्या बाजूनं फिरवायचा हेच माहीत नव्हतं. त्यातल्या एकाच्या अर्जात 'टीमवर्क' हा शब्द अकरा वेळा होता. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांना मनातून बरं वाटलं, पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. त्यांच्या एकट्याच्या निवडीतल्या सात जणांपैकी पहिल्या पाचांत एकही नव्हता. वाईट कुणी नव्हतं. सगळे आपले मधे, एका रांगेत, एकसारखे.

"सतरा नंबर?" मास्तरांनी विचारलं.

मॅडमनी पाकिटातून अर्ज काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारलेली होती. आपली फुली माणूस ओळखतो. मास्तरांची एक रेघ नेहमी लांब जायची.

अर्ज एका बाईचा होता. वय एक्केचाळीस. चौदा वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करत होत्या, आधी एका दुकानात आणि मग घरीच. आता तयार कपड्यांपुढे घरोघरची मशीनं बंद पडत चालली, म्हणून नवं काम शिकायची इच्छा आहे, एवढंच दोन ओळींत लिहिलं होतं.

"प्रोग्रामनं बत्तीस मार्क दिलेत," मॅडम म्हणाल्या. "लिफ्ट हा शब्द कुठे नाही, आणि शेवटची नऊ वर्षं नोकरी नाही असं त्याला दिसलं. घरचा धंदा त्याला कळलाच नाही. तो चुकला ते समजलं. काका, तुमची फुली कशामुळे?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि परत घातला. खोटं बोलता आलं असतं. अर्ज नीट वाचला होता, अनुभव वेगळा वाटला, असं काहीतरी. पण समोरची मुलगी त्यांनी बेअरिंगच्या गोळ्या मोजताना पाहिलेली होती, आणि ती खरंच विचारत होती.

"मी वाचलाच नाही गं पुरता," ते म्हणाले. "बाई आहे, चाळिशी उलटलीय, खड्ड्यात कशी उतरणार, असं मनात आलं आणि फुली मारली. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल."

वहिनी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी विणकामातून डोकं वर न काढता सांगितलं, "छान उतरली. उतरण्याआधी मला म्हणाली, 'मी जरा हळू काम करते, पण तुम्हाला दर दोन मिनिटांनी सांगत राहीन काय चाललंय ते.' आणि सांगत राहिली. मी तिला दहापैकी दहा दिलेत."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले. बायकोनं भाजी निवडता निवडता सगळं काढून घेतलं. तिची गोष्ट काढून घ्यायची रीत अशी, की माणसाला वाटावं आपणच सांगितलं.

"मग वाईट कशाचं वाटतंय? चुकलात त्याचं, की सगळ्यांसमोर चुकलात त्याचं?"

"दोन्हीचं."

"दुसरं जाईल चार दिवसांत," ती म्हणाली. "पहिल्याचं बघा. अशा किती गेल्या असतील बाजूला, काय माहीत."

ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून जुन्या फायली काढल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी एक्केचाळीस माणसं घेतली होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुरुष. त्यांतले तेहतीस, मास्तर स्वतः जिथे शिकले त्याच संस्थेत शिकलेले. चहा पिताना गप्पा रंगायच्या त्या का रंगायच्या, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. तेच शिक्षक, त्याच खोड्या, तीच वर्कशॉपची खोली. माणसाचं पाणी जोखतोय असं वाटत होतं आणि आपण आपलं प्रतिबिंब बघत बसलो होतो. त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि स्वतःहून नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवला. तिनं तो वाचला आणि म्हणाली, "चहा घेणार का काका?" यावर दोघंही हसले.

पण अजून अकरा नंबरचा प्रश्न सुटायचा होता.

अकरा नंबर हा प्रोग्रामचा पहिला आलेला मुलगा. चोवीस वर्षांचा, उंच, शंभरपैकी चौऱ्याण्णव मार्क मिळालेला, त्यामुळे ऑफिसात त्याचं नाव चौऱ्याण्णवच पडलं होतं. मास्तरांनी कामाला नऊ दिले होते, वहिनींनी धीराला दहा. पण यंत्राची नोंद सांगत होती की तो लाल बटन न दाबताच खड्ड्यात उतरला, आणि चार मिनिटांनी त्यानं ते दाबलं.

"हा नको," मास्तर म्हणाले. "हात सोन्याचा असला तरी नको. बटन न दाबणारा माणूस मी पाठवू शकत नाही. एक दिवस त्याच्या घरी निरोप घेऊन मलाच जावं लागेल."

या वेळी मॅडम अडून बसल्या. "काका, नोंद काय झालं ते सांगते, का झालं ते नाही. परवाच आपण दोघंही एका कागदावर विश्वासून तोंडघशी पडलो. त्याला विचारू तरी."

चौऱ्याण्णवला बोलावलं. वहिनी विणकाम घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, तो खुर्चीच्या कडेवर बसला. मास्तरांनी आडवळण घेतलं नाही. "तुम्ही बटन न दाबता उतरलात. का?"

"चुकलो," तो म्हणाला. "चार मिनिटांनी आठवलं. मग दाबलं. मला वाटलंच होतं तुम्ही बोलावणार नाही."

"पण का चुकलात?"

"आतल्या बाईंचा आवाज बदलला म्हणून. आधी त्या वाचून दाखवल्यासारखं बोलत होत्या. मधेच खऱ्या घाबरल्या. मला वाटलं, ही आता परीक्षा राहिली नाही. म्हणून तसाच उडी मारून खाली गेलो."

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचे हात पहिल्यांदाच थांबले होते.

"दिवा गेला," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्याच्या वेळी अचानक दिवा गेला आणि आत काळोख झाला. सतरा वर्षं मी लोकांना घाबरू नका सांगतेय. आणि माझी अशी बोबडी वळली की कागदावरचं एक वाक्य आठवेना. लाज वाटली म्हणून बोलले नाही कुणाला. हा बाहेरून म्हणाला, 'बाई, भिंतीला पाठ लावून खाली बसा, मी तुमच्या पायाखालीच आहे.' तेवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला."

मास्तरांना आपण बदललेला तो दिवा आठवला. बदलताना त्यांनी एवढाही विचार केला नव्हता की हा गेला तेव्हा आत कोण होतं.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा," ते म्हणाले, आणि त्यांचं बोट आपोआप हवेत लिफ्टचा चौकोन काढू लागलं. "तुमच्या कानाला मी नावं ठेवणार नाही. आवाजातला फरक ऐकायला लोकांना वर्षं लागतात. पण घाबरलेल्या माणसाकडे धावताना तुम्ही चेंगरलात, तर ती वर अडकलेली आणि तुम्ही खाली. तिला काढणार कोण? बटन स्वतःसाठी दाबायचं नसतं. तिच्यासाठी दाबायचं असतं."

"हो," तो म्हणाला.

"पहिले सहा महिने तुम्ही माझ्याबरोबर फिरणार. मी सांगेपर्यंत खड्ड्यात पाय टाकायचा नाही."

चौऱ्याण्णवला आपण नोकरीला लागलो हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो उठून उभा राहिला आणि परत बसला.

अशी चार माणसं लागली. दोन प्रोग्रामची, एक दोघांनीही निवडलेलं आणि एक चिठ्ठीनं आलेली. त्या चौथीला सगळे शिलाईवाली म्हणू लागले. तिलाही ते नाव आवडलं असावं, कारण हत्यारांच्या पेटीवर तिनं तेच लिहून घेतलं.

पद्धतही बदलली. प्रोग्राम कुणी काढून टाकला नाही. पण ज्या माणसानं तो बनवला होता त्याला मास्तरांशेजारी दोन दिवस बसवलं, आणि घरचं दुरुस्तीकाम म्हणजे रिकामपण नव्हे, हे त्याच्या गळी उतरवलं. मास्तरांकडे येणारे अर्ज नाव, वय आणि संस्था झाकून येऊ लागले. फुली मारायची तर तिच्यासमोर एका ओळीत कारण लिहायचं, हा नियम मास्तरांनी स्वतःच घातला, आणि पहिल्याच खेपेला त्यांच्या ध्यानात आलं की निम्म्या फुल्यांना आपल्याजवळ कारणच नाही. दर वेळी तीन चिठ्ठ्या उचलायच्या, हेही ठरलं. खोकं वहिनींच्या ताब्यात गेलं.

हिवाळ्यात कंपनीनं काही इमारतींतल्या लिफ्टना छोट्या डब्या बसवल्या. दार किती वेळात उघडतं, मोटार किती तापते, असलं सगळं त्या डब्या मोजायच्या आणि ऑफिसातल्या पडद्यावर दाखवायच्या. एका वाचनालयाच्या लिफ्टबद्दल डबी सांगू लागली की तिसऱ्या मजल्यावर दार बंद व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही. पण रोज लागत होता. मास्तर शिलाईवालीला घेऊन गेले. चौऱ्याण्णवही बरोबर होता.

मास्तरांनी दाराला कान लावला. काही ऐकू आलं नाही. चौऱ्याण्णवनं रूळ पाहिला, चाकं पाहिली, सगळं जिथल्या तिथे. डबीच बिघडलीय की काय, असं मास्तरांच्या तोंडापर्यंत आलं होतं.

शिलाईवाली तेवढ्यात विचारती झाली, "हे कधीपासून दाखवतेय?"

चौऱ्याण्णवनं फोनवर पाहिलं. "मंगळवारपासून. सोमवारपर्यंत नीट होतं."

ती उठली आणि पुस्तकं देणाऱ्या बाईंच्या टेबलापाशी गेली. "ताई, मंगळवारी या मजल्यावर काय नवीन झालं?"

"नवीन?" त्या बाईंनी विचार केला. "काही नाही बाई. हां, लिफ्टसमोरचं पायपुसणं बदललं. जुनं फाटलं होतं."

शिलाईवाली परत येऊन गुडघ्यांवर बसली. नवं पायपुसणं जाडजूड होतं आणि त्याच्या कडेचे धागे सुटलेले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ते दाराच्या खोबणीत जाऊन बसत होते, दिसतील न दिसतील असे. तिनं पेटीतून चिमटा काढला, वाकड्या टोकाचा, शिलाई मशीनच्या पोटातून दोरा ओढायचा, आणि एकेक धागा बाहेर काढला. बोटभर लांबीची गुंडी झाली. मग पायपुसण्याची कड तिनं पाहिली आणि म्हणाली, "याला दुमड घालायला हवी. नाहीतर पुन्हा मंगळवार येईल." खिशातून सुई-दोरा निघाला. मास्तर बघतच राहिले.

ती टाके घालत होती तोवर मास्तर आणि चौऱ्याण्णव जिन्याच्या पायरीवर बसले. खालून कुणीतरी पुस्तकं छातीशी धरून येत होतं, लिफ्ट बंद आहे का विचारत होतं, आणि चौऱ्याण्णव त्यांना सांगत होता की दहा मिनिटांत सुरू होईल, घाई असेल तर पुस्तकं वर नेऊन देतो.

"तुम्हाला विचारायचं कसं सुचलं?" मास्तरांनी शिलाईवालीला विचारलं.

"मशीन घेऊन बायका यायच्या ना," ती दोरा तोडत म्हणाली. "मशीन बिघडलंय म्हणायच्या. मी विचारायचे, कधीपासून? मग म्हणायच्या, जाड पडदे शिवले त्या दिवसापासून. मशीनला काही झालेलं नसायचंच पुष्कळदा. पण कधीपासून ते त्यांना धड आठवायचं नाही. या डबीला बरोबर आठवतं. फार सोय झाली."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी बटन दाबून लिफ्ट चालू केली. दार उघडलं, थांबलं, बंद झालं. चौऱ्याण्णवनं फोनकडे पाहून अंगठा वर केला. पुस्तकांचा भारा घेतलेल्या आजी आत शिरल्या आणि दार त्यांच्यामागे अलगद मिटलं. तिघं जण हत्यारं गोळा करून जिना उतरू लागले, कारण पुढच्या इमारतीला साडेतीनची वेळ दिलेली होती, आणि आधी कुठेतरी बसून जेवायचं होतं.